जुन्या मोटरसायकलच्या इंजिनचा पार्ट: दुरुस्त करायचा की नवा टाकायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्प्लेंडर, सीडी १००, आरएक्स १००, येझदी, बिडाच्या ब्लॉकची जुनी बुलेट, सुरुवातीच्या वर्षांतली पल्सर. नागपुरात या गाड्या अजून रोज धावतात. इंजिन खोलून टेबलावर मांडलं की मालक आम्हाला साधारण हेच प्रश्न विचारतात. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. गाडी किती जुनी आहे यावरून पार्टचा निर्णय होत नाही. पार्टचं माप काय येतं, त्याचा धातू मूळचा आहे का आणि तो चालत्या गाडीत तुटला तर काय होईल, या तीन गोष्टी बघाव्या लागतात.

भाऊ, गाडी धूर देऊन राह्यली. मेकॅनिक म्हणतो ब्लॉक-पिस्टन किट नवं टाका. बोर करून भागणार नाही का?

बहुतेक वेळा भागतं. ब्लॉक म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो तो सिलिंडर, बोर म्हणजे त्याचं आतलं गोल भोक. बोर करणं म्हणजे ते घासलेलं भोक मशीनवर थोडं मोठं करून त्यात मोठ्या मापाचा, म्हणजे ओव्हरसाइज, पिस्टन बसवणं. पण आधी धूर कधी येतो ते बघा. फोर-स्ट्रोक गाडी सकाळी सुरू करताना निळा धूर टाकते आणि मग साफ होते, तर संशय व्हॉल्व्हच्या ऑइल सीलवर जातो. ते काम हेड, म्हणजे ब्लॉकवरचं व्हॉल्व्ह असलेलं झाकण, उतरवून होतं, ब्लॉकला हात लावावा लागत नाही. अ‍ॅक्सिलरेटर पिळला की मागे निळ्या धुराचे लोट सुटत असतील तर पिस्टनच्या रिंगा आणि बोर बघायचे. टू-स्ट्रोकचं गणित वेगळं आहे. तिथे थोडा धूर असतोच. तो एकाएकी वाढला आणि गिअर ऑइलही कमी होऊ लागलं, तर क्रँकचं, म्हणजे पिस्टनने फिरणाऱ्या मुख्य दांड्याचं, क्लचकडच्या बाजूचं सील गेलेलं असतं आणि इंजिन गिअर ऑइल पिऊन जाळत असतं. अशा गाडीला नवा ब्लॉक टाकला तरी धूर तसाच राहील.

ब्लॉकच घासला असेल तर माप घ्यायला सांगा. बोट फिरवून सांगितलेलं माप नव्हे, बोर गेज आणि मायक्रोमीटरने घेतलेलं. बोर सगळीकडे सारखा घासत नाही. वरच्या भागात, जिथे रिंग वळते, तिथे जास्त घासतो. पिस्टन ज्या बाजूंना रेटला जातो त्या बाजूंना जास्त आणि पिनच्या दिशेने कमी. म्हणून वर, मध्ये, खाली आणि दोन्ही दिशांनी मोजायचं. लहान फोर-स्ट्रोक इंजिनात पिस्टन आणि भिंत यांच्यातलं अंतर ०.१ मिलिमीटरकडे पोचलं की नुसत्या रिंगा बदलून उपयोग नाही. महिना-दोन महिने बरं वाटेल आणि धूर परत येईल.

बोर करायचा ठरला तर आधी ओव्हरसाइज पिस्टन विकत घ्या आणि तो हातात घेऊनच मशीनवाल्याकडे जा. पिस्टन मोजून त्याच्या मापाने बोर करायचा असतो. "पॉइंट पन्नास करून द्या" असं तोंडी सांगून ब्लॉक सोडून येणं म्हणजे अर्धं काम नशिबावर टाकणं. बोर झाल्यावर होनिंग, म्हणजे भिंत दगडाने बारीक घासून घेणं, हवंच. भिंतीवर तिरप्या रेघांची बारीक जाळी दिसली पाहिजे, कारण तेल त्याच रेघांत टिकतं. आरएक्ससारख्या टू-स्ट्रोकमध्ये आणखी एक काम असतं, जे घाईत राहून जातं. बोरनंतर पोर्टच्या कडा धारदार होतात, त्या हलक्या मारून घ्याव्या लागतात. नाही तर रिंग तिथे अडकून तुटते आणि नवा पिस्टन पहिल्याच आठवड्यात जातो.

किट का नको? कंपनीचं असेल तर जरूर घ्या. पण बिनानावाच्या डब्यातलं स्वस्त किट आणि तुमचा मूळचा ब्लॉक यांत निवड असेल तर माझं मत मूळच्या ब्लॉकच्या बाजूने आहे. कंपनीने ब्लॉकच्या आत घातलेली बिडाची नळी, म्हणजे लायनर, नीट बोर केला तर तो स्वस्त किटच्या आधी जाणार नाही.

बोर किती वेळा करता येतो?

ओव्हरसाइज पिस्टन साधारण ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मिलिमीटर अशा पायऱ्यांनी मिळतात. म्हणून कागदावर चार वेळा. प्रत्यक्षात घासलेला किंवा ओरखडलेला भाग निघून जाण्यासाठी एखादी पायरी ओलांडावी लागते, त्यामुळे दोन-तीनदा धरून चाला. स्प्लेंडरचा मूळ बोर ५० मिलिमीटर आणि स्ट्रोक ४९.५, म्हणजे ९७.२ सीसी. शेवटच्या पायरीला बोर ५१ होतो आणि इंजिन १०१ सीसीच्या आसपास जातं. "बोर केल्यावर पिकअप वाढला" असं म्हणणारे गिऱ्हाईक भेटतात. तो पिकअप या चार सीसींचा नसतो, परत आलेल्या कॉम्प्रेशनचा असतो.

शेवटची पायरीही संपली तर जुना लायनर काढून नवा बसवता येतो. ब्लॉक तापवून लायनर प्रेसने बाहेर काढतात, नवा दाबून बसवतात आणि मग स्टँडर्ड मापाला बोर करतात. ज्या गाडीचा ब्लॉक बाजारात मिळतच नाही तिच्यासाठी हे काम सोन्यासारखं आहे. हिंगणा एमआयडीसीकडे मशीन शॉप भरपूर आहेत, पण लायनर त्यालाच द्या जो मोटरसायकलचे ब्लॉक नेहमी करतो. लायनर जरा खाली-वर बसला तरी हेडचं पॅकिंग टिकत नाही.

माझी गाडी आर१५ आहे, तीही आता जुनी झाली. तिचा बोर होईल का?

नाही. आर१५ चा सिलिंडर सिलिकॉन जास्त असलेल्या अ‍ॅल्युमिनियमचा आहे, आत बिडाचा लायनरच नाही. केटीएम ड्यूकच्या सिलिंडरमध्ये आतून निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा थर असतो. असे सिलिंडर नेहमीच्या पद्धतीने बोर केले की टिकण्याचा गुण कापला जातो. तिथे नवा सिलिंडर आणि त्याच्या जोडीचा पिस्टन, एवढाच सरळ रस्ता आहे.

इंजिन सीझ झालं. आता ब्लॉक फेकायचा?

थांबा. सीझ होताना, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये अडकून इंजिन जाम होताना, बहुधा पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम वितळून बिडाच्या भिंतीला चिकटतं. बघायला भयानक दिसतं, पण भिंत खालून शाबूत असू शकते. कॉस्टिक सोडा अ‍ॅल्युमिनियम खातो, बिडाला तसं काही करत नाही. जाणकार माणूस तो फक्त चिकटलेल्या जागी कापसाच्या बोळ्याने लावतो. हातमोजे आणि चष्मा पाहिजेच, आणि बाहेरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांना सोडा लागता कामा नये. साफ झाल्यावर नखाला लागेल असा ओरखडा नसेल आणि मापही ठीक असेल, तर होनिंग करून नवा पिस्टन आणि रिंगा टाकून काम होतं. ओरखडा नखाला लागला तर बोर.

त्याहून मोठा प्रश्न असा की गाडी सीझ झाली कशाने? ते कळल्याशिवाय खोललेलं इंजिन परत बांधू नका. टू-स्ट्रोकमध्ये तेल कमी पडणं, कार्ब्युरेटरचा जेट चोंदणं, किंवा इनटेकचं रबर अथवा मॅग्नेटकडचं क्रँक सील फाटून बाहेरची हवा आत ओढली जाणं, ही नेहमीची कारणं.

हे सगळं एप्रिल-मेमध्येच का होतं? नागपूरच्या उन्हाने इंजिन जातं का?

ऊन निमित्त असतं. पारा ४५ च्या पुढे गेला तरी तेल पूर्ण आणि ताजं असलेलं एअर-कूल्ड इंजिन सहसा सीझ होत नाही. पण शंभर सीसीच्या गाडीत तेल लिटरभरच असतं. त्यातलं पाव-तृतीयांश रिंगेतून जळून गेलं आणि मालकाने दोन महिने डिपस्टिक बघितलीच नाही, तर सिमेंट रोडवर दुपारी दोन वाजता सिग्नलला उभी गाडी जी तापते ती राहिलेल्या तेलाला झेपत नाही. पहिला मार व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅम आणि रॉकरला बसतो, कारण ते सगळ्यात वर असतात आणि तेल त्यांच्याकडे शेवटी पोचतं. उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी डिपस्टिक बघा, बस.

प्लगचे आटे गेले. नवं हेड घ्या म्हणतात.

फक्त आटे गेले असतील तर नवं हेड घेऊ नका. भोक थोडं मोठं करून त्यात नवे आटे मारतात आणि स्टीलचा इन्सर्ट बसवतात. तारेचा हेलिकॉइल असतो, तसंच भरीव बुशही असतं. प्लगसाठी मला भरीव बुश जास्त आवडतं, कारण प्लग वारंवार काढला जातो. नीट बसवलेला इन्सर्ट मूळच्या अ‍ॅल्युमिनियमच्या आट्यांपेक्षा पक्का असतो.

दोन अटी आहेत. हेड उतरवूनच हे काम करा. गाडीवरच टॅप मारला तर धातूचा कीस सिलिंडरमध्ये पडतो आणि वाचवलेले पैसे बोरमध्ये जातात. दुसरं, प्लगचं भोक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर तडा आहे का, ते भिंगाने बघा. तिथे तडा असेल तर हेड बदला.

हेडमधून तेल गळतं, फेसिंग करून घेऊ का?

आधी सरळ पट्टी आणि फिलर गेज लावून हेड वाकलं आहे का ते बघा. नुसतं पॅकिंग जुनं झालेलं असेल किंवा नट सारखे कसलेले नसतील, तर फेसिंगची गरजच नाही. वाकलं असेल तर हलकं फेसिंग, म्हणजे हेडचा तळ मशीनवर सपाट कापून घेणं, चालतं. पण दर वेळी धातू जातो, कॉम्प्रेशन वाढतं आणि ओव्हरहेड कॅमच्या गाडीत टायमिंग चेनचं अंतरही बदलतं. दोनदा फेसिंग झालेलं हेड तिसऱ्यांदा नेऊ नये.

व्हॉल्व्ह घासून चालतील की नवे टाकायचे?

सीटवर डाग पडले असतील पण कड जाड असेल, तर लॅपिंग पेस्टने घासून चालतात. व्हॉल्व्हची कड सुरीसारखी पातळ झाली असेल तर टाकून द्या. ती तापून लाल होते आणि एक दिवस तिचा तुकडा पिस्टनमधून आरपार जातो. वाकलेला व्हॉल्व्ह सरळ करून बसवणारे मिस्त्री आहेत. त्यांच्याकडून दुसरं कुठलंही काम करून घ्या, हे नको. गाईड, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते ती नळी, ढिलं असेल तर नव्या व्हॉल्व्हचाही फायदा नाही, म्हणून गाईड, व्हॉल्व्ह आणि सील हा हिशोब एकत्रच करा. गाईड बदलल्यावर सीट पुन्हा कापून घ्यावी लागते.

चेन तुटून चेंबर फुटला. आता?

जुन्या गाड्यांचं हे नेहमीचं दुखणं. सैल किंवा घासलेली चेन पुढच्या स्प्रॉकेटपाशी गोळा होते आणि अ‍ॅल्युमिनियमचा चेंबर, म्हणजे क्रँक आणि गिअर ज्यात बसतात ती दोन भागांची पेटी, फोडते. निर्णय फुटलेल्या जागेवर आहे.

बाहेरच्या भिंतीला भोक पडलं असेल किंवा बोल्टचा कान तुटला असेल, तर आर्गन वेल्डिंगने छान जुळतं. पण चेंबर पूर्ण रिकामा करून. आत बेअरिंग, सील, गिअर ठेवून "बाहेरून एक टाका" मारायचा नाही. जुन्या ओतीव अ‍ॅल्युमिनियममध्ये तेल खोलवर मुरलेलं असतं. ते धुऊन, तापवून काढलं नाही तर वेल्डमध्ये बुडबुडे धरतात आणि महिनाभरात तिथूनच तेल पाझरतं. तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडून मगच वेल्ड करतात, म्हणजे तडा पुढे सरकत नाही. वेल्डिंगनंतर जोडाचा पृष्ठभाग सपाट आहे का ते काचेवर ठेवून तपासा.

तडा बेअरिंगच्या घरापर्यंत गेला असेल तर वेल्डिंगच्या भानगडीत पडू नका. घर एका बाजूला ओढलं गेलं की क्रँक सरळ फिरत नाही आणि मग दर काही महिन्यांनी बेअरिंग बदलत बसाल. तिथे चेंबर बदलणं आलं. तोही एक भाग नव्हे, जोडीने. दोन्ही भाग कारखान्यात एकमेकांच्या जोडीनेच मशीन केलेले असतात. एका इंजिनाचा डावा आणि दुसऱ्याचा उजवा लावला तर गिअर जड पडतात, क्रँक ओढून फिरतो.

आणि इथेच कागदाचा प्रश्न येतो, कारण इंजिन नंबर चेंबरवर असतो.

म्हणजे आरटीओत जावं लागेल?

नंबरवाला चेंबर किंवा पूर्ण इंजिन बदललं तर हो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या बदलांचे नियम आहेत. आरसीवर एक नंबर आणि गाडीवर दुसरा, असं चालत नाही. तुमची गाडी एमएच-३१ असो, एमएच-४९ असो की ग्रामीणची एमएच-४०, काम सुरू करण्याआधी आपल्या कार्यालयात विचारा. नवा चेंबर किंवा इंजिन घेतल्याचं बिल जपून ठेवा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. त्या तपासणीत इंजिन नंबर बघतातच. जुना नंबर नव्या चेंबरवर ठोकून देतो म्हणणाऱ्याच्या दुकानातून सरळ बाहेर पडा. तो गुन्हा आहे.

वेल्डिंग शक्य असलेला मूळचा चेंबर मी वाचवतो, त्याचं अर्धं कारण हेच आहे.

भंगारातून पूर्ण इंजिन आणून टाकलं तर स्वस्त नाही का पडणार?

वरचं सगळं लागू होतं, शिवाय ते इंजिन चोरीच्या गाडीचं निघालं तर तुम्ही खुलासे देत फिराल. आणि तेही कोणीतरी काढून टाकलेलं इंजिन आहे, त्याच्या आत काय आहे हे खोलल्याशिवाय कळत नाही. सुटे पार्ट काढायला भंगारातलं इंजिन चांगलं. गिअर, क्लचची टोपली, साइड कव्हर, मूळचं हेड, हे सगळं तिथून मिळू शकतं. पण ज्याच्या मूळ आरसीची प्रत विकणारा देतो, तेच घ्या.

एम-सील लावून भागेल का?

घरापर्यंत पोचायला भागेल.

खालून खडखड येते. कनेक्टिंग रॉड गेला म्हणतात. क्रँक पूर्ण नवा की किट?

रॉड (पिस्टन आणि क्रँक जोडणारा दांडा), क्रँक पिन आणि रॉडच्या खालच्या टोकाचं बिग-एंड बेअरिंग, हे दुरुस्त करायच्या यादीत नाहीतच. ते बदलायचे. मिनिटाला हजारो वेळा ताण आणि दाब सोसणारा हा भाग आहे, तुटला तर चेंबर फोडूनच बाहेर येतो. प्रश्न उरतो तो क्रँकच्या वजनदार चकत्यांचा. त्या सहसा चांगल्या असतात. स्प्लेंडरसारख्या खपाच्या गाडीचा कंपनीचा पूर्ण क्रँक मिळत असेल तर तोच टाका, मजुरी आणि डोकेदुखी दोन्ही वाचतात. येझदी किंवा आरएक्सच्या बाबतीत उलट आहे. मूळच्या चकत्या ठेवून चांगल्या नावाचं रॉड किट प्रेसने बसवावं.

प्रेस करणं सोपं, सरळ करणं अवघड. क्रँक दोन टोकांवर ठेवून डायल गेज लावून फिरवतात आणि तांब्याच्या हातोडीने ठोकत ठोकत सरळ आणतात. काटा ०.०५ मिलिमीटरच्या आत डुलला तर काम बरं झालं म्हणायचं. मिस्त्रीला सांगा, "दादा, गेजवर फिरवून दाखवा." जो दाखवत नाही त्याच्याकडे डायल गेज आहे का, हे आधी बघा. पिन सैल बसते म्हणून वेल्डचा टाका मारून दिलेला क्रँक घेऊ नये. ज्या चकतीच्या भोकातच पिन सैल झाली, ती चकती संपली.

कॅम आणि रॉकर घासले आहेत. फक्त रॉकर बदलू का?

दोन्ही बदला. नवा रॉकर जुन्या खड्डे पडलेल्या कॅमवर फार दिवस टिकत नाही. सोबत तेलाच्या वाटा हवा मारून साफ करून घ्या, जाळी आणि पंप बघा.

येझदी आणि आरएक्सचे ओरिजिनल पार्ट मिळतच नाहीत. लोकलवर विश्वास ठेवायचा का?

येझदी बनवणाऱ्या म्हैसूरच्या आयडियल जावाचा कारखाना १९९६ मध्ये बंद झाला. आरएक्स १०० १९८५ मध्ये आली आणि तिचं उत्पादनही १९९६ मध्येच थांबलं. म्हणजे दुकानात धूळ खात पडलेला जुना माल आता मोजकाच आहे आणि त्याची किंमत विकणारा म्हणेल ती. २०२२ मध्ये आलेल्या नव्या येझदीशी जुनीचं नावापलीकडे नातं नाही. तिचं इंजिन फोर-स्ट्रोक, लिक्विड-कूल्ड आहे. "येझदीचा पार्ट आता कंपनीत मिळतो" असं ऐकून शोरूमला चकरा मारू नका.

लोकल पार्टमध्ये मी अशी वाटणी करतो. पॅकिंग, रबर, बाहेरचे कव्हर लोकल चालतात, हातात घेऊन बघून घ्या. बेअरिंग आणि ऑइल सील तर मापाने नामांकित कंपनीचेच मिळतात. जुन्या बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, तो घेऊन बेअरिंगच्या दुकानात जा, गाडीचं नाव सांगायचीही गरज नाही. पिस्टन, रिंग, रॉड किट मात्र मूळ कंपन्यांना माल पुरवणाऱ्या उत्पादकाचंच घ्या. गिअरच्या बाबतीत लोकल नवापेक्षा मूळचा जुना बरा. लोकल गिअरवर पाणी नीट चढवलेलं नसलं, म्हणजे तो तापवून-विझवून नीट कडक केलेला नसला, तर दात काही महिन्यांत झडतात.

डबा ओरिजिनल वाटला तरी पार्ट जुन्या पार्टशेजारी ठेवून बघा. वजन, ओतकामाची सफाई, नंबरची अक्षरं, फरक लगेच दिसतो. फार स्वस्त मिळतोय म्हणजे काय, ते सांगायला नको.

खर्च कुठे थांबवायचा?

माझा अंदाज असा. तीच गाडी चालू हालतीत ज्या किमतीला मिळते, तिच्या निम्म्याच्या वर इंजिनाचा खर्च जात असेल, तर रोजच्या वापराच्या स्प्लेंडरवर तो करू नका. आरएक्स, येझदी किंवा बिडाची बुलेट असेल तर हा हिशोब लागू नाही. त्यांची किंमत वर जाते आहे आणि मूळ नंबरचं इंजिन असेल तर जास्तच. वडिलांची गाडी असेल तर हिशोब तुम्ही करणारच नाही, मीही सांगणार नाही.

पैसे वाचवायची चुकीची जागा मात्र ठरलेली आहे. इंजिन खोलण्याची मजुरी सगळ्यात मोठी असते. एकदा खोललं की सगळी पॅकिंग, सगळे सील, पिस्टन पिनच्या क्लिपा आणि टायमिंग चेन नवीनच टाका. जुनी क्लिप परत बसवून दहा-वीस रुपये वाचतात आणि ती निसटली की बोर उभा चिरते.

बोर केल्यावर गाडी कशी चालवायची?

पहिले ५०० किलोमीटर ताणू नका, पण एकसारखी ४० वरही धरून ठेवू नका. वेग कमी-जास्त करत चालवा. रामटेकपर्यंत सकाळी जाऊन परत येणं उत्तम, मध्ये थांबून इंजिन थंड होऊ द्या. वर्धा रोडच्या ट्रॅफिकमध्ये भर दुपारी नको. ५०० ला तेल बदला, त्यात चमचमणारा बारीक कीस दिसला तर घाबरू नका, पहिल्या तेलात तो येतो. तुकडे दिसले तर गाडी तिथेच उभी करा आणि फोन करा. हेडचे नटही थंड इंजिनावर एकदा तपासून घ्या.

काढलेले जुने पार्ट मागून घ्यायचे का?

हो, नेहमी. एक तर काय बदललं ते डोळ्यांनी दिसतं. दुसरं, बोर झालेला जुना ब्लॉक, घासलेला पण सरळ कॅम, आटे गेलेलं हेड यांच्यावर पुढे काम करता येतं, विशेषतः बंद पडलेल्या गाड्यांचं. तेल लावून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा आणि वर गाडीचं नाव, ओव्हरसाइजचं माप आणि तारीख लिहा. रॉड, बिग-एंड बेअरिंग आणि वाकलेले व्हॉल्व्ह मात्र भंगारात द्या, आणि देण्याआधी पुरते निकामी करून द्या, म्हणजे कोणी ते पुसून परत विकणार नाही.